पाण्यावरची रेघ: फॉकलंड बेटांचं पोट कशावर चालतं

फेब्रुवारी उजाडला की फॉकलंड बेटांच्या बर्कली साउंड नावाच्या आखातात जहाजांची गर्दी व्हायला लागते. ही जहाजं लांबूनच ओळखू येतात. डेकवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारेला टांगलेले मोठमोठे दिवे, लहान दुधी भोपळ्याएवढा एकेक. दोन्ही काठांवर रहाटासारखी फिरणारी यंत्रं. तैवान, दक्षिण कोरियाहून अर्ध्या जगाचा वळसा घालून ती इथवर येतात, आणि येतात ती एकाच प्राण्यासाठी. त्याचं नाव स्क्विड. कोकणात आपण त्याला माकूळ म्हणतो.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साधारण ४८० किलोमीटर पूर्वेला, दक्षिण अटलांटिक महासागरात ही बेटं आहेत. दोन मोठी, एक पूर्वेचं आणि एक पश्चिमेचं, आणि भोवती सातशेहून जास्त छोटी. सगळी मिळून क्षेत्रफळ १२,१७३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या बेरजेपेक्षा थोडं कमी. माणसं किती? २०२१ च्या जनगणनेनुसार ३,६६२. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी गावाएवढी. त्यातली बहुतेक स्टॅन्ली या एकुलत्या एक शहरात राहतात. ताबा ब्रिटनचा आहे, अर्जेंटिना त्यावर हक्क सांगतो, आणि १९८२ मध्ये दोघांत युद्ध झालं, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ही इवलीशी वस्ती दरडोई उत्पन्नात आज जगातल्या श्रीमंत समाजांच्या पंगतीत बसते, आणि ते युद्धाच्या अवघ्या पाच वर्षांनी सुरू झालेल्या एका व्यवहारामुळे, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मला ती सांगावीशी वाटते. कारण बेटांभोवतीच्या पाण्यात स्क्विड आधीही होता, तो पकडणारी जहाजंही होती, आणि तरी १९८७ पर्यंत बेटांच्या हाती त्यातला एक पैसा लागत नव्हता. समुद्र तोच राहिला. बदलला तो फक्त हक्क.

पाण्यावरची रेघ टिकत नाही, असं आपण म्हणतो. इथं ती टिकली. पण त्याआधी दोनशे वर्षं ती मारायचे प्रयत्न फसले, आणि त्यातला पहिला प्रयत्न याच बर्कली साउंडमध्ये झाला होता.

या आखाताच्या अगदी आतल्या टोकाला पोर्ट लुई आहे. १७६४ मध्ये बूगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्यानं तिथं बेटांवरची पहिली वसाहत केली. आधी इथं कोणी मूळ रहिवासी नव्हते. त्याचे खलाशी फ्रान्सच्या सेंट-मालो बंदरातले, म्हणून बेटांना 'मालुईन' नाव पडलं. स्पॅनिशमध्ये त्याचंच 'माल्विनास' झालं, आणि अर्जेंटिनात आजही तेच नाव चालतं. 'फॉकलंड' हे नाव त्याच्याही आधीचं. १६९० मध्ये जॉन स्ट्राँग या इंग्रज कप्तानानं दोन मोठ्या बेटांमधल्या सामुद्रधुनीला एका लॉर्डाचं नाव दिलं, आणि पुढं ते सगळ्या बेटांना चिकटलं. फ्रेंचांपाठोपाठ पुढच्याच वर्षी ब्रिटिश पश्चिमेकडच्या एका छोट्या बेटावर उतरले. मग स्पेननं फ्रेंचांकडून त्यांची वसाहत घेतली, १७७० मध्ये ब्रिटिशांना हुसकावलं, युद्धाची वेळ आली, ब्रिटिश परत आले आणि १७७४ मध्ये खर्च परवडेना म्हणून निघून गेले. जाताना आपल्या हक्काची शिशाची पाटी तेवढी ठोकून गेले. १८११ मध्ये स्पॅनिशही गेले. मागं राहिली ती मोकाट सुटलेली गुरं.

बेटं ओस पडली, पण समुद्र ओस नव्हता. सील आणि देवमासे मारणारी जहाजं, त्यातही अमेरिकी जास्त, इथं मुक्काम टाकत, हवं ते मारत आणि निघून जात. १८२० मध्ये ब्वेनोस आइरेसच्या नव्या सरकारच्या वतीनं तिथं झेंडा लागला. त्यानंतर लुई व्हर्ने या व्यापाऱ्यानं पोर्ट लुईला पुन्हा वस्ती केली आणि १८२९ मध्ये तो तिथला प्रशासक झाला. गुरांचं मांस, कातडी आणि सील यांवर व्यवहार उभा करायचा त्याचा बेत होता. पण बाहेरची जहाजं सील संपवत असतील तर बेत टिकणार कसा? त्यानं फर्मान काढलं की परवानगीशिवाय इथं कोणी सील मारायचे नाहीत. १८३१ मध्ये त्यानं तीन अमेरिकी जहाजं पकडली. आज फॉकलंडचं सरकार जे करतं, तेच तो करू पाहत होता. फरक एवढाच की त्याच्या पाठीशी आरमार नव्हतं. त्याच वर्षाच्या अखेरीस 'लेक्झिंग्टन' ही अमेरिकी युद्धनौका बर्कली साउंडमध्ये शिरली आणि त्याची वसाहत उधळून गेली. एका वर्षानं, जानेवारी १८३३ मध्ये, 'क्लिओ' ही ब्रिटिश युद्धनौका तिथंच आली, अर्जेंटिनाच्या शिबंदीला जायला सांगितलं आणि ब्रिटिश झेंडा चढवला.

अर्जेंटिनाचं म्हणणं असं की स्पेनचा वारसा आमचा, बेटं आमच्या किनाऱ्याजवळची, आणि १८३३ मध्ये ती आमच्याकडून बळानं घेतली. ब्रिटनचं म्हणणं असं की आमचा दावा त्याहून जुना, आणि आता तिथं पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांनीच ठरवायचं. हा वाद इथं सोडवायचा नाही, सुटणारही नाही. पण दोन्ही बाजूंना तो मनापासून लागलेला आहे हे लक्षात ठेवलं नाही, तर पुढची माशांची गोष्टही नीट कळत नाही.

१८४० च्या दशकात राजधानी स्टॅन्लीला हलली, कारण तिथं जहाजांसाठी बंदर चांगलं होतं. त्या काळी अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जायचं म्हणजे दक्षिणेच्या केप हॉर्न टोकाला वळसा घालायचा, आणि तिथली वादळं शिडाच्या जहाजांची हाडं मोडायची. मोडकी जहाजं दुरुस्तीला स्टॅन्लीत येत. दुरुस्तीचं बिल जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त व्हायला लागलं की मालक जहाज तिथंच टाकून देत. 'ग्रेट ब्रिटन' या जहाजाचं असंच झालं. लोखंडी सांगाड्याचं, पंख्यावर चालणारं, आपल्या काळातलं नवल म्हणावं असं हे जहाज १८८६ मध्ये स्टॅन्लीला लागलं ते निकामी होऊन. नंतर कित्येक वर्षं लोकरीचे गठ्ठे ठेवायची वखार म्हणून ते वापरलं गेलं. १९७० मध्ये ते एका तराफ्यावर चढवून इंग्लंडला ब्रिस्टलला नेलं, आज तिथं ते संग्रहालय आहे. १९१४ मध्ये पनामा कालवा सुरू झाला आणि हा जहाजांचा धंदा बसला.

उरली लोकर. जवळपास सव्वाशे वर्षं या बेटांची अर्थव्यवस्था म्हणजे लोकर, दुसरं काही नाही. आधी मोकाट गुरांची शिकार होती. त्यासाठी दक्षिण अमेरिकेतून गाऊचो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, आणले होते. त्यांच्या खुणा भाषेत राहिल्या आहेत. घोड्याच्या सामानाचे शब्द तिथं स्पॅनिश आहेत, आणि स्टॅन्लीबाहेरच्या सगळ्या मुलखाला इंग्रजी बोलणारे बेटवासी आजही 'कॅम्प' म्हणतात. छावणी नव्हे, स्पॅनिश 'काम्पो' म्हणजे रान. गुरं हटली, मेंढ्या आल्या. मेंढ्यांवर हल्ले करतो म्हणून 'वारा' नावाचा तिथला कोल्ह्यासारखा प्राणी मारून मारून संपवला. हा बेटांवरचा एकमेव मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणी. चार्ल्स डार्विन १८३३ आणि १८३४ मध्ये 'बीगल' जहाजातून बर्कली साउंडमध्ये आला होता. हा प्राणी लवकरच नामशेष होईल असं त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. १८७६ मध्ये शेवटचा मारला गेला.

लोकरीच्या राज्यात बेटं कशी चालत, हे जरा जवळून पाहायला हवं. झाड नाही, वारा थांबत नाही, जमीन ओलसर आणि निकृष्ट. एका मेंढीला चरायला एकराच्या कितीतरी पट रान लागायचं, म्हणून शेतं प्रचंड मोठी, आणि ती थोड्या मालकांच्या हाती. सगळ्यांत मोठी मालक फॉकलंड आयलंड्स कंपनी. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला राजाज्ञेनं स्थापन झालेली. जमीन तिची, दुकान तिचं, मालवाहतूक तिची, लोकरीची विक्रीही तिच्याच हातून. मेंढपाळाला राहायचं घर मिळायचं ते नोकरीबरोबर. नोकरी सुटली, वय झालं, की घर सोडायचं. मग तो कुठं जाणार? स्टॅन्लीत, नाहीतर बेटं सोडून. घरात जळणासाठी पीट, म्हणजे शेकडो वर्षं दलदलीत कुजून घट्ट झालेल्या झाडपाल्याची माती. ती उन्हाळ्यात विटांसारखी कापायची, वाळवायची, थप्प्या रचायच्या आणि वर्षभर चुलीत घालायची. प्रत्येक घराचा पीटचा खाचर ठरलेला. लोकर मात्र जहाजात चढून लंडनला जायची, आणि नफाही तिकडंच राहायचा.

१९७६ मध्ये लॉर्ड शॅकल्टन यांनी ब्रिटिश सरकारसाठी बेटांचा आर्थिक अहवाल लिहिला. अंटार्क्टिकाचे प्रसिद्ध शोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांचे ते चिरंजीव. हे बेट आपल्याला पोसावं लागतं, असा तोवर लंडनमध्ये समज होता. शॅकल्टन यांनी हिशेब मांडून उलटं दाखवलं. परस्थ मालक बेटांवर गुंतवत होते त्यापेक्षा बाहेर जास्त नेत होते. हे वाचताना आपल्या दादाभाई नौरोजींची संपत्तीच्या निचऱ्याची मांडणी आठवल्याशिवाय राहत नाही, फक्त इथं निचरा होत होता तो ब्रिटिशांच्याच वसाहतीतल्या ब्रिटिश वंशाच्या लोकांचा. तरुण माणसं बेटं सोडत होती. १९८० मध्ये लोकसंख्या उतरत अठराशेवर आली होती. अर्जेंटिनाला बेटं देऊन पुन्हा भाडेपट्ट्यानं घ्यावीत, असा विचारही लंडनमध्ये त्याच सुमारास चालू होता. बेटवासीयांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व नव्हतं. त्यांना 'केल्पर' म्हणत, किनाऱ्याला दाट वाढणाऱ्या केल्प या समुद्री वनस्पतीवरून.

२ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीनं बेटं ताब्यात घेतली. १४ जूनला तिचं सैन्य शरण आलं. ७४ दिवसांत अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ जण मेले. तीन बेटवासी स्त्रिया ब्रिटिश तोफांच्याच माऱ्यात गेल्या. या युद्धावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी इथं एकच गोष्ट सांगतो. एजॅक्स बे इथं १९५० च्या दशकात मेंढीचं मांस गोठवून परदेशी पाठवायचा कारखाना उभारला होता. तो चालला नाही, बंद पडला. युद्धात त्याच रिकाम्या कारखान्यात ब्रिटिश डॉक्टरांनी इस्पितळ थाटलं आणि दोन्ही बाजूंच्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. लोकरीच्या पलीकडं काही करू पाहणाऱ्या बेटांचा मोठा प्रयत्न शेवटी असा उपयोगी पडला.

युद्धानंतर बेटवासीयांना १९८३ मध्ये नागरिकत्व मिळालं, १९८५ मध्ये मोठा विमानतळ झाला, आणि कंपन्यांची अवाढव्य शेतं तुकडे करून स्थानिक कुटुंबांना विकायला सुरुवात झाली. १९९१ मध्ये तर सरकारनं फॉकलंड आयलंड्स कंपनीचीच शेतं विकत घेतली, म्हणजे बेटांची जवळजवळ चौथाई जमीन. पण त्यासाठी लागणारा पैसा लोकरीतून आलेला नव्हता.

आता माशांकडं येऊ. युद्ध संपल्यावर ब्रिटननं बेटांभोवती १५० सागरी मैलांचं संरक्षित क्षेत्र ठेवलं. अर्जेंटिनाच्या जहाजांना तिथं बंदी. मग झालं काय? शेजारी बाहेर, बाकीच्या जगाला रान मोकळं. पोलंड, सोव्हिएत संघ, स्पेन, जपान, तैवान, कोरिया, सगळ्यांची जहाजं तिथं येऊन धडकली. परवाना नाही, मर्यादा नाही, हिशेब नाही. शॅकल्टन यांनी १९८२ च्या दुसऱ्या अहवालात सांगितलंच होतं की २०० मैलांपर्यंत मासेमारीचा हक्क जाहीर करा. त्याच वर्षी स्वीकारल्या गेलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यातही ही तरतूद होती. किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंतच्या पाण्यातली संपत्ती त्या किनाऱ्याच्या धन्याची. पण ब्रिटन कचरत होता. हक्क जाहीर करणं म्हणजे अर्जेंटिनाच्या जखमेवर मीठ. सगळ्यांनी मिळून काही करार करावा अशी वाट पाहण्यात वर्षं गेली. १९८६ मध्ये अर्जेंटिनानं सोव्हिएत संघ आणि बल्गेरियाशी मासेमारीचे करार केले, आणि त्यांत याच पाण्यावर आपला अधिकार गृहीत धरला. तेव्हा ब्रिटनला गप्प राहणं अशक्य झालं. ऑक्टोबर १९८६ मध्ये घोषणा झाली, आणि १ फेब्रुवारी १९८७ पासून १५० मैलांच्या आत परवान्याशिवाय मासेमारी बंद. १९९० मध्ये ही हद्द २०० मैलांपर्यंत वाढवली गेली.

परवान्यांपेक्षा मागणारे कितीतरी जास्त होते. काही वर्षांतच सरकारी तिजोरीतली आवक लोकरीच्या काळापेक्षा अनेक पटींनी वाढली.

यात नेमकं विकलं काय जातं, हे कोकणातल्या माणसाला पटकन समजेल. आंब्याची बाग असलेला मालक दरवेळी स्वतः आंबा काढून वाशीला पाठवत नाही. तो बाग हंगामापुरती कराराने देतो. करार घेणारा पैसे मोजतो, राखण करतो, आंबा काढतो, विकतो. मोहर गळला तर तोटा त्याचा. मालकाला मिळतो तो बागेच्या मालकीचा मोबदला. फॉकलंडनं आपला समुद्र असा कराराने द्यायला सुरुवात केली. जेमतेम दोन हजार माणसांच्या वस्तीला शेकडो जहाजं बांधणं, हजारो खलाशी आणणं, आशियाच्या बाजारात माल विकणं शक्यच नव्हतं. पण करार करणं, हिशेब ठेवणं आणि राखणीला गस्तीचं जहाज फिरवणं शक्य होतं.

फक्त एक फरक आहे, आणि सगळी गोम त्यातच आहे. आंबा काढला तरी झाड उभं राहतं. स्क्विडच्या बाबतीत आंबा आणि झाड एकच.

इथं मुख्य स्क्विड दोन जातींचे. पहिला इलेक्स. तो उत्तरेकडं, उरुग्वे-ब्राझीलच्या बाजूच्या उबदार पाण्यात जन्मतो, दक्षिणेला वाहत आणि खात येतो, फॉकलंडच्या पाण्यात गरगरीत होतो, परत उत्तरेला जाऊन अंडी घालतो आणि मरतो. सगळं आयुष्य साधारण एका वर्षाचं. म्हणजे यंदा पाण्यात जे आहेत त्यांतला एकही पुढच्या वर्षी नसणार. पुढच्या वर्षीचा सगळा माल यंदा वाचलेल्यांच्या अंड्यांतून यायचा.

तो पकडतात रात्री. अंधार पडला की जहाजावरचे शंभर-दीडशे दिवे एकदम पेटतात. डेकवर दुपारसारखं लख्ख, आणि पाण्यात हिरवट उजेड खोल उतरतो. जहाजाच्या पोटाखाली मात्र सावली असते. स्क्विड उजेडाच्या ओढीनं येतात आणि त्या सावलीत थबकतात. काठावरच्या यंत्रांतून लांब दोऱ्या खाली सुटलेल्या असतात. प्रत्येक दोरीवर ठरावीक अंतरानं रंगीत प्लॅस्टिकचे गळ, त्यांना खाली सुयांचं कडं. यंत्र दोरी झटके देत देत वर ओढतं. सावलीतल्या स्क्विडला वाटतं, समोरच्या उजेडातून भक्ष्य पळालं. तो झेप घेतो, सोंडा आवळतो आणि सुयांत अडकतो. गळांना काटा उलटा नसतो, म्हणून दोरी रहाटावरून फिरताना तो आपोआप सुटून पन्हळीत पडतो, शाई सोडत, फसफसत. माणसाला दोरीला हात लावावा लागत नाही. अशी डझनावारी यंत्रं रात्रभर चालतात. आपल्याकडं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमारांचा केवढा संघर्ष झाला, आणि २०१७ मध्ये केंद्रानं त्यावर बंदी घातली, ते कोकण किनाऱ्याला ठाऊक आहे. उजेडाची ताकद तीच. फॉकलंडमध्ये किती जहाजांचे दिवे पेटतील, हे परवान्यांवर ठरतं.

दुसरा स्क्विड लोलिगो. आकारानं छोटा, चवीला जास्त नाजूक, आणि बेटांजवळच राहणारा. तो जाळं ओढणाऱ्या ट्रॉलर जहाजांनी पकडतात, आणि तो मुख्यतः जातो स्पेनच्या विगो बंदरात. युरोपात 'कालामारी' म्हणून ताटात येणाऱ्या कड्यांमध्ये फॉकलंडचा वाटा मोठा आहे. २००५ पासून या धंद्याचे नियम बदलले. दरवर्षी परवाना मागण्याऐवजी बेटांवर नोंदलेल्या कंपन्यांना दीर्घ मुदतीचे, २५ वर्षांपर्यंतचे हिस्से मिळाले. हेतू असा की हक्क लांब मुदतीचा असेल तर कंपनी ओरबाडण्याऐवजी राखायचा विचार करेल, आणि नुसत्या परवाना-शुल्कावर न थांबता स्थानिक लोक जहाजांत भागीदार होतील. बऱ्याच अंशी तसं झालंही. स्पॅनिश भागीदारांबरोबर बेटवासीयांच्या कंपन्या आज ट्रॉलर चालवतात.

पण पाण्यात किती स्क्विड आहेत हे मोजायचं कसं? तो दिसत नाही, थांबत नाही, आणि वर्षभरात मरतो. मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो तो हा हिशेब. समजा हंगामाच्या सुरुवातीला एका तासात जहाजाला १०० टोपल्या मिळतात. सगळ्या जहाजांनी मिळून १,००० टोपल्या काढल्यावर तासाला ८०च मिळायला लागल्या. म्हणजे पाण्यातला माल पाचव्या हिश्शानं घटला. पाचवा हिस्सा १,००० टोपल्यांचा, तर सुरुवातीला होत्या अंदाजे ५,०००. काढत जायचं आणि हाताला किती कमी लागतं त्यावरून तळ ओळखायचा. प्रत्यक्षात यात नवे कळप येणं, नैसर्गिक मृत्यू असं बरंच गुंतलेलं असतं, म्हणून स्टॅन्लीतले मत्स्यशास्त्रज्ञ जहाजांकडून रोजच्या रोज आकडे घेतात आणि हंगाम चालू असतानाच गणित मांडतात. लोलिगोचा नियम असा की हंगामाअखेर अंडी घालायला निदान १०,००० टन पाण्यात राहिलाच पाहिजे. त्याखाली जाईल असं दिसलं की हंगाम मुदतीआधी बंद. परवाना हातात असला तरी जाळी वर.

हा शहाणपणा लोलिगोपुरता चालतो, कारण तो घरचा. इलेक्स प्रवासी आहे. तो अर्जेंटिनाच्या पाण्यातून येतो आणि वाटेत दोनशे मैलांच्या रेषेबाहेरच्या खुल्या समुद्रातून जातो. तिथं कोणाचाच कायदा नाही. शेकडो जहाजं, त्यात चिनी मोठ्या संख्येनं, रेषेला खेटून दिवे पेटवतात. रात्रीच्या उपग्रह चित्रांत तिथं समुद्रात मोठं शहर वसल्यासारखं दिसतं. १९९० पासून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचा एक संयुक्त आयोग होता. सार्वभौमत्वाचा वाद बाजूला ठेवून दोघांचे शास्त्रज्ञ आकडे वाटून घेत. २००५ मध्ये ते काम थांबलं. नुकसान कोणाचं झालं? दोघांचंही, आणि त्या प्राण्याचं. २०१५ मध्ये फॉकलंडच्या पाण्यात इलेक्स साडेतीन लाख टनांहून जास्त मिळाला, विक्रमच तो. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, अडीच हजार टनसुद्धा नाही. एका वर्षात जवळपास शून्य. पाण्याचं तापमान, प्रवाह, बाहेरची मासेमारी, सगळ्याचा त्यात हात असतो.

ज्याच्या उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग मासेमारीवर आहे, त्या समाजानं अशा लहरी धंद्यावर घर कसं चालवावं? फॉकलंडनं पहिल्यापासून एक पथ्य पाळलं. चांगल्या वर्षी सगळं खर्चायचं नाही. काही वर्षांचा सरकारी खर्च भागेल एवढी गंगाजळी साठवायची. प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटानं फॉस्फेटचा अमाप पैसा मिळवला आणि घालवला, खाणी संपल्या तेव्हा हाती काही उरलं नाही. ते उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलं की या काटकसरीचं मोल कळतं.

उरलेला पैसा कुठं गेला ते बेटांवर फिरताना दिसतं. युद्धाआधी स्टॅन्लीबाहेर धड रस्ता नव्हता, आता कॅम्पमध्ये शेकडो किलोमीटर खडीचे रस्ते आहेत. स्टॅन्लीच्या विजेचा मोठा वाटा पवनचक्क्यांतून येतो, पीट कापणं जवळजवळ थांबलं. सोळा वर्षांच्या पुढचं शिक्षण बेटांवर नाही, म्हणून सरकार आपल्या मुलांना स्वखर्चानं इंग्लंडला पाठवतं, पुढं विद्यापीठाचाही खर्च देतं. त्यातली बरीच मुलं शिकून परत येतात, आणि मला वाटतं, बेटांचं खरं यश मोजायचं तर याच आकड्यात मोजावं. बाहेरूनही माणसं आली. सेंट हेलेना, चिली, फिलिपिन्स इथली. आणि झिम्बाब्वेची. ती आली युद्धात पेरलेले भूसुरुंग काढायला. हजारो सुरुंग होते. पेंग्विन वजनानं हलके, त्यांच्या पायाखाली ते फुटत नसत, त्यामुळे कुंपण घातलेल्या किनाऱ्यांवर पेंग्विन निर्धास्त नांदले. नोव्हेंबर २०२० मध्ये शेवटचा सुरुंग निघाला, तोवर काही झिम्बाब्वेकर कुटुंबं स्टॅन्लीत कायमची रुजली होती.

संरक्षणाचा खर्च मात्र ब्रिटन करतो. बाकी सगळ्या बाबतींत बेटं आपल्या पायांवर उभी आहेत, पण ती गस्त, ती विमानं नसती तर पाण्यावरची रेघ किती दिवस टिकली असती, हा प्रश्न व्हर्नेची गोष्ट ऐकलेल्याला पडणारच. मार्च २०१३ मध्ये ब्रिटनबरोबर राहायचं का, यावर मतदान झालं. १,५१३ हो, ३ नाही. आणि त्याच ब्रिटनच्या निर्णयानं बेटांना फटकाही बसला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून फॉकलंडच्या स्क्विडवर युरोपात जकात लागते. आधी लागत नव्हती. यात बेटवासीयांना कोणी विचारलं नव्हतं.

तेलाची आशा आहे. २०१० मध्ये उत्तरेकडं सी लायन नावाचा साठा सापडला, तेव्हापासून त्याची वाट पाहणं चालू आहे. प्रवासी जहाजांतून पेंग्विन बघायला उन्हाळ्यात हजारो लोक उतरतात, त्यातूनही बरे पैसे मिळतात. पण पोट भरतं ते स्क्विडवरच.

जुलै २०२४ मध्ये लोलिगोचा दुसरा हंगाम सुरू व्हायचा होता. नेहमीप्रमाणे आधी पाहणीचं जहाज गेलं, ठरलेल्या जागी जाळी टाकली, हाती लागलेलं मोजलं. माल पुरेसा नव्हता. सरकारनं हंगाम रद्द केला. एक दिवसही नाही, पूर्ण हंगाम. ट्रॉलर तयार होते, खलाशी आलेले होते, विगोत गिऱ्हाईक होतं. जे थोडे स्क्विड पाण्यात होते ते बेटांच्या उथळ किनाऱ्याकडं येत राहिले. लोलिगो आपली अंडी केल्पच्या देठांना चिकटवतो, पांढरट बोटांसारख्या घोसांनी, ओहोटीच्या रेषेखाली काही मीटरवर. लाट आली की केल्प हलतो, त्याबरोबर घोस हलतात, आणि काही महिन्यांनी त्यांतून तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं बाहेर पडून खोल पाण्याकडं निघतात.